डॉक्टरांना तपासणारे उस्मानभाई

डॉक्टरने माणसाला तपासायचं, ही जगाची रीत. आमच्या समोर राहणारे उस्मानभाई डॉक्टरला तपासत.

डॉक्टर पास झाला, तर त्याला त्यांच्या घराची पुढची खोली मिळे. नापास झाला, की तो ट्रंकेसकट रस्ता ओलांडून माझ्याकडे येई. कारण मी शाळामास्तर असलो तरी दवाखान्याच्या कमिटीचा सेक्रेटरीही होतो, आणि बाहेरून आलेल्या डॉक्टरची राहायची सोय लावणं माझ्याकडे होतं. तीन वर्षांत अकरा डॉक्टर आले. चार पास झाले. सात आमच्या माडीवर राहिले. त्यांतला एक पहाटे पाचला पेटी वाजवायचा. आमच्या घरात अजून त्याचं नाव काढलेलं चालत नाही.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. दवाखान्याचे कायमचे डॉक्टर रजेवर गेले, की दोन-तीन महिन्यांसाठी बदली डॉक्टर यायचा. मावळातल्या गावांत पटकी किंवा हिवताप उठला, की आणखी एखादा. लोणावळ्यात घरं नव्हती असं नाही. मी स्वतः फिरून मोजलं होतं. तुंगार्लीपासून वलवणपर्यंत त्रेसष्ट बंगले, त्यांपैकी पावसाळ्यात कुलूपबंद चोपन्न. मालक मुंबईला, किल्ली माळ्याकडे. मालकांना पत्र लिहिलं, की उत्तर यायचं, डॉक्टर ठेवला तर व्हरांड्यात रोगी येऊन बसतील. गावातल्या घरांत विचारावं तर डॉक्टर कपड्यांतून रोग आणील ही एक शंका, एकटा आहे ही दुसरी, आणि दोन महिन्यांनी जागा सोडलीच नाही तर, ही तिसरी. तेव्हा उरत उस्मानभाई.

उस्मानभाई रेल्वेतून निवृत्त झालेले. घाटात धुकं उतरलं, की ड्रायव्हरला सिग्नल दिसत नाही. अशा वेळी सिग्नलच्या अलीकडे रुळावर पत्र्याचे चपटे फटाके बांधतात. इंजिनाचं चाक वर आलं, की ते फुटतात आणि ड्रायव्हर सावध होतो. हे फटाके बांधायचं काम उस्मानभाईंनी सव्वीस पावसाळे केलं. एकदा बांधून बाजूला झाल्यावर त्यांना वाटलं, फटाक्याची पट्टी नीट बसलीय कशावरून? म्हणून ते पुन्हा वाकले. इंजिन आलं. उस्मानभाई वाचले, डावा कान गेला.

पण "कशावरून" गेलं नाही. स्टेशनातलं घड्याळ बरोबर आहे कशावरून? दूध आजचंच आहे कशावरून? मी शाळेच्या आवारात पाऊस मोजत असे. एकदा एका दिवसाचे नऊ इंच भरले, ते मी त्यांना कौतुकाने सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर, रात्री कुनी तांब्या वतला नसंल कशावरून?" माझ्या दारापासून दवाखान्यापर्यंत सहाशे चाळीस पावलं आहेत, हेही मी एकदा बोललो. दुसऱ्या दिवशी ते स्वतः चालून आले आणि म्हणाले, सहाशे सत्तर. त्यांची उंची माझ्यापेक्षा कमी आहे, हे मी त्यांना समजावलं. ते त्यांनी मान्य केलं नाही.

डॉक्टरची परीक्षा अशी असे. डॉक्टर ओट्यावर आला, की उस्मानभाई खुर्ची देत आणि डावा कान पुढे करत. "वाईच बघा. बरा हुईल का?" डॉक्टर बिचारा प्रवासाने शिणलेला, त्यात हा घरमालक. तो कानात डोकावे, थेंब लिहून देई आणि म्हणे, पंधरा दिवसांत फरक पडेल. उस्मानभाई चिठ्ठी घडी करून खिशात ठेवत आणि माझ्याकडे वळून म्हणत, "मास्तर, ह्यास्नी तुमी न्या." सात वेळा असं झालं. जो डॉक्टर सरळ सांगे, की हा कान मेलेला आहे, त्याला काही होणार नाही, त्याला खोली मिळे. शिवाय बाज, पाण्याचा माठ आणि त्यांच्या म्हाताऱ्या बहिणीच्या हातची भाकरी.

चौथ्या डॉक्टरपर्यंत माझ्या हे लक्षात आलं नाही. आलं तेव्हा मी उस्मानभाईंना विचारलं, की खरं बोलणारा भाडेकरू तुम्हाला एवढा कशाला हवा? ते म्हणाले, "घरात ठेवायचाय. खोटा कशाला?" हे उत्तर मला पटलं नाही.

पटलं नाही, कारण दुसऱ्याही गोष्टी माझ्या नजरेस आल्या होत्या. एक, ते भाडं फार थोडं घेत. दोन, त्यांच्या घराच्या मागच्या खोलीचं दार कायम लोटलेलं असे आणि भाडेकरूला माजघराच्या पुढे जायला मनाई होती. तीन, डॉक्टर राहायला आल्यावर आठवड्याभरात एका दुपारी उस्मानभाई स्वतः त्याला त्या मागच्या खोलीत नेत. डॉक्टरची बॅग बरोबर असे. आमच्या माडीच्या खिडकीतून त्यांचं माजघर दिसतं. मी घड्याळ लावून पाहिलं. एक डॉक्टर वीस मिनिटं आत होता, पुढचा अठरा. बाहेर येताना दोघांचीही मान खाली. मी आडून विचारलं, तर दोघांनीही विषय बदलला.

औषधं जातात का कुठे, असा संशय मला आला. दवाखान्याच्या बाटल्या मी दोनदा मोजल्या. भरल्या. मग वाटलं, कोणी फरारी माणूस लपवलाय. तीन वर्षांपूर्वी रेल्वेच्या चाळीतून ते इथे राहायला आले, तेव्हा बायकोबद्दल कोणी विचारलं, तर "हाय" एवढंच म्हणाले होते. कुठे आहे, ते सांगितलं नव्हतं. आमच्या घरातून मला ताकीद मिळाली, की खिडकीत उभं राहणं या वयात शोभत नाही.

अशात बारावा डॉक्टर आला तो बाई निघाला. डॉक्टर मिस सोहनी, वय तिशीच्या आत, तीन महिन्यांची बदली. भुशीच्या बाजूला आणि मळवलीकडे हिवतापाने माणसं अंथरुणाला खिळली होती. एकट्या बाईला खोली म्हटल्यावर मी विचारलेल्या नऊ घरांनी नऊ कारणं सांगितली. आमच्या माडीवर त्या वेळी माझी मेहुणी मुलांसह मुक्कामाला होती. बाईंनी स्पष्ट सांगितलं, की दोन दिवसांत जागा मिळाली नाही, तर त्या पुण्याला परत जातील. धर्मशाळेत त्या राहणार नव्हत्या आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

मी त्यांना उस्मानभाईंकडे नेलं. कानाचं आधी सांगून ठेवावं, असं मनात आलं, पण ती कॉपी झाली असती. उस्मानभाईंनी कान पुढे केला. बाईंनी नीट पाहिलं, कानाशी बोटं चोळली, घड्याळ धरलं, आणि म्हणाल्या, "हा गेला. ह्यात काही घालू नका. उजवा जपा."

"एक थेंबबी न्हाई?"

"नाही."

उस्मानभाईंनी स्वतः त्यांची ट्रंक उचलून आत नेली.

आठव्या दिवशी दुपारी त्या मागच्या खोलीत गेल्या. मी खिडकीत होतो, ते कबूल करतो. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. एक तास दहा मिनिटांनी त्या बाहेर आल्या, आणि त्यांची मान खाली नव्हती. उस्मानभाईंची होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायला उस्मानभाई दारात उभे. म्हणाले, बाईंची सोय दुसरीकडे बघा. मी म्हटलं, दुसरीकडे नाही, नऊ घरं झाली. बाई गेल्या तर मळवलीचे रोगी कोण बघणार? कारण तरी सांगा.

"खोटं बोलती ती."

एवढ्यावर ते निघून गेले. मी तसाच दवाखान्यात गेलो. आता लपवण्यात अर्थ नव्हता, तेव्हा मी पाहिलेलं सगळं मिनिटांसकट बाईंना सांगितलं. त्या थोड्या हसल्या. मग त्यांनी मागच्या खोलीत काय आहे, ते सांगितलं.

तिथे उस्मानभाईंची बायको होती, जैनबबी. चार वर्षांपूर्वी चाळीत असताना झटका आला. हात, पाय, जीभ, सगळं गेलं. त्या वेळी कुठल्याशा डॉक्टरने जाता जाता सांगितलं, की यांना आता काही कळत नाही. चेहरा वाकडा झाला होता. चाळीतल्या बायका बघायला येत आणि तोंडाला पदर लावत. म्हणून उस्मानभाईंनी तिला इथे आणलं आणि दार लोटून घेतलं. बहीण आणि ते मिळून तिचं सगळं करत. कधीतरी बोलेल का, एवढंच त्यांना खात्रीच्या माणसाकडून ऐकायचं होतं. ती खात्री कान दाखवून करायची. खऱ्या ठरलेल्या चारही डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं होतं.

"मीही तेच सांगितलं," बाई म्हणाल्या. "वाचा येणार नाही. ते त्यांनी ऐकून घेतलं. पण मी दुसरंही सांगितलं. त्यांना ऐकू येतं आणि सगळं कळतं. पापण्या त्या स्वतःच्या मनाने हलवतात. मी तासभर बसून पाहिलं. ते ऐकल्यावर म्हणाले, खोली सोडा."

संध्याकाळी मी उस्मानभाईंच्या ओट्यावर जाऊन बसलो. मी म्हटलं, आनंदाची बातमी आहे, तुम्हाला राग कशाचा आला?

"मास्तर, चार वर्सं म्या तिच्याशी एक सबूद बोललो न्हाई," ते म्हणाले. "भाकर भरवली, कूस बदलली. बोललो न्हाई. कळतच न्हाई म्हनल्यावर काय बोलायचं? बाईचं खरं असंल, तर ती चार वर्सं वाट बघत पडलीया." मग म्हणाले, "जल्मात एकदाच इचारलं न्हाई, त्या पयल्या डाक्टरला, कशावरून म्हनून."

यावर सांत्वन करणं मला जमत नाही. मी म्हटलं, मग आता विचारू. मोजून घेऊ.

परीक्षा मी बसवली. दहा प्रश्न, काहींचं उत्तर होय, काहींचं नाही, उलटसुलट क्रमाने. एक वेळ पापणी म्हणजे होय, दोन वेळा म्हणजे नाही. नुसत्या अंदाजाने दहांतली पाचेक बरोबर येतील, तेव्हा आठाच्या खाली आलं तर बाईंचं म्हणणं सोडायचं. उस्मानभाईंनी प्रश्न आणि उत्तरं आधीच कागदावर लिहून मला घडी करून दिली. मी ती उघडली नव्हती, म्हणजे मी खूण करण्याचा प्रश्न नव्हता. बाईंना आणि बहिणीला त्यांनी विहिरीपाशी उभं केलं. त्यांनी स्वतः उशामागे उभं राहायचं, म्हणजे चेहऱ्यावरून तिला काही कळू नये, हे मी सुचवलं. त्यांना ते आवडलं.

खोली स्वच्छ होती. जैनबबी बाजेवर होत्या, केस विंचरलेले. मी नमस्कार केला. त्यांचे डोळे माझ्यावर आले आणि मला माझ्या खिडकीची आठवण झाली.

पहिला प्रश्न विचारायला उस्मानभाईंना बराच वेळ लागला. दोनदा घसा खाकरला, तिसऱ्यांदा आवाज निघाला. "जैनब, तुजं म्हायेर तळेगाव?" पापणी एकदा मिटली. मी लिहिलं. "आपल्याकडं शेरडं दोन हुती?" दोनदा. असं चाललं. सहाव्या प्रश्नापर्यंत त्यांचा आवाज मोकळा झाला होता. सातवा होता, "आपल्या लग्नाच्या दिशी पाऊस हुता?" एकदा. दहा झाले. मी कागद उघडून ताडून पाहिलं.

"नऊ," मी म्हटलं. "सातवा चुकला. तुम्ही पाऊस नव्हता असं लिहिलंय."

उस्मानभाई उशामागून पुढे आले. "पाऊस? अगं, ऐन उन्हाळा हुता."

पापणी एकदा मिटली.

"येड लागलंय का तुला? मांडवात धूळ उडत हुती धूळ."

दोनदा.

"अवकाळी म्हनतीस?" एकदा. "मांडव भिजला असता मग. तुज्या मामाच्या डोक्यावर घोंगडं…" इथे ते थांबले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मास्तर, धा लिवा. माजं चुकलं हुतं."

मी नवाचे दहा केले आणि खाली सही केली.

बाई तीन महिने तिथेच राहिल्या. मागच्या खोलीचं दार त्या दिवसापासून उघडं असे. संध्याकाळी दिवे लागले, की समोरून भांडण ऐकू येई, पण आवाज एकच. शेरडं कोणी विकायला लावली, तळेगावच्या जत्रेत कोण हरवलं होतं, असलं काहीतरी. एकदा बाजार आणताना मी आत जाऊन त्या दाराशी थांबलो. जैनबबी पडल्या होत्या, आणि उस्मानभाई बाजेशेजारी पाटावर बसून तक्रार करत होते. तिची वाचा परत येणार नाही, हे पाच डॉक्टरांनी त्यांना सांगितलेलं होतं. तरी ते बसले होते ते पाट वळवून, उजवा कान तिच्याकडे करून.