जिभाऊंचा डोकरा

सकाळी गाडी सुरू करण्याआधी धुडकू जिभाऊ बॉनेट उघडत, आत तोंड घालत आणि मोठ्यानं विचारत, "डोकरा, झोप लागनी का रे बाबा?"

डोकरा म्हणजे म्हातारा, आणि हा म्हातारा म्हणजे त्यांच्या सर्व्हिस मोटारीचं इंजिन. इंजिन काही बोलायचं नाही. पण जिभाऊ त्याला उजवा कान लावून थांबत, समाधानानं मान हलवत आणि मग त्या कानाला लागलेलं काळं तेल दिवसभर मिरवत. मी तेव्हा खांडबारा स्टेशनात पार्सलबाबू होतो. नवे स्टेशनमास्तर आले तेव्हा आम्ही त्यांना सांगून ठेवलं होतं, ज्यांचा एकच कान काळा असेल ते जिभाऊ.

जिभाऊ मूळचे तापीकाठचे. तिकडचा गहू-हरभरा सोडून ते मोटारीच्या नादानं इकडे डोंगराच्या पायथ्याशी आले आणि इथलेच झाले. त्यांची गाडी आमच्या स्टेशनावरून निघे आणि आंबापाड्याला जाऊन थांबे. पाड्याच्या अलीकडे एक चढण होती. चढण कसली, उभी भिंतच. ती संपते तिथं, रस्त्याच्या कडेलाच जिभाऊंचं घर. चढण चढताना डोकरा असा खोकायचा की दोन शेतं पलीकडचे बैल माना वर करीत. ठक्‌ठक, ठक. ठक्‌ठक, ठक. आतलं काय काय ढिलं झालं होतं ते डोकऱ्यालाच ठाऊक. इंजिन इतकं चाललं होतं की त्याचे मैल मोजण्याचा नाद जिभाऊंनी केव्हाच सोडला होता.

तेवढ्यात लढाई आली आणि पेट्रोल दिसेनासं झालं. मग जिभाऊंनी इतरांसारखी गाडीच्या पाठीला कोळशाची टाकी बांधली. कोळसा पेटवायचा, त्याचा गॅस नळीनं इंजिनात सोडायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. स्टेशनावर पांढऱ्या टोपीनं चढलेला माणूस आंबापाड्याला काळ्या टोपीनं उतरू लागला. पण खरी पंचाईत चढणीवर होई. कोळशाच्या गॅसवर डोकऱ्याचा निम्मा जोर गेला. पायथ्याशी गाडी हुंदका देऊन उभी राही आणि जिभाऊ आतूनच पुकारा करीत, "उतरा रे भो, डोकरा थकना!" मग पैसे देऊन बसलेली माणसं गाडी ढकलत वर नेत. बाजाराच्या टोपल्या डोक्यावर घेऊन बाया पुढे निघून जात आणि वर पोचून आमची वाट पाहत बसत. लोक म्हणू लागले, यापेक्षा बैलगाडी बरी. लोक बैलगाडीकडे वळले तर जिभाऊंचा धंदाच बसणार होता.

यावर जिभाऊंनी एक तोड काढली. लोहाराचा पंखा! भट्टीला वारा घालायचा तो हातानं फिरवायचा पंखा गाडीवर बसवायचा, इंजिनाच्याच पट्ट्यानं फिरवायचा आणि गॅस नि हवा डोकऱ्याच्या नरड्यात कोंबायची. "पंखा फिरना का लोखंड लाल व्हस," ते म्हणत. "मंग डोकराले चढाले काय हरकत शे?"

कल्पना वेडगळ नव्हती. प्रश्न एवढाच होता की आधी इंजिन बदलायचं की आधी पंखा लावायचा. हा प्रश्न जिभाऊंनी चव्हाट्यावर मांडला आणि आमच्या स्टेशनाला लढाईपेक्षा मोठा विषय मिळाला. स्टेशनमास्तर म्हणाले, रेल्वेत असं चालत नाही. रेल्वेत काय चालतं ते त्यांनी सांगितलं नाही. मिशनचे याकोबभाऊ म्हणाले, "वासे कुजलेत जिभाऊ, आणि तुम्ही नवी कौलं चढवताय." किराणावाले शेटजी म्हणाले, म्हाताऱ्या बैलाला तूप पाजलं म्हणून तो नांगर ओढत नाही, उलट बसतो. मीही मागे राहिलो नाही. मी गाडीपुढे जाऊन हँडल फिरवून दाखवलं. धडधाकट इंजिनाचं हँडल फिरवताना माणसाचा घाम निघतो. डोकऱ्याचं हँडल रिकाम्या जात्यासारखं गरगरलं. आत दाब म्हणून उरलाच नव्हता. त्यात वरून कितीही फुंका, सगळं फटीतून निसटणार.

सगळ्यांचं एकमत झालं. आमच्या स्टेशनात हे प्रथमच घडत होतं. जिभाऊंनी प्रत्येकाचं शांतपणे ऐकलं, प्रत्येकाला विडी दिली आणि प्रत्येकाला तेच उत्तर दिलं, "दम शे आजून."

गंमत म्हणजे दुसरं इंजिन आलेलं होतं! एका मोडीत काढलेल्या लॉरीचं चांगलं इंजिन शेटजींनी ओळखीनं सुरतेहून मागवून दिलं होतं. मागवताना जिभाऊ हो म्हणाले. आल्यावर मात्र ते त्या खोक्याकडे सोयरीक नको असलेल्या पाहुण्यासारखे पाहत. खोकं माझ्या गोदामात पडून राहिलं. स्टेशनमास्तरांच्या कोंबड्या त्यावर अंडी घालू लागल्या. मी जिभाऊंना खोक्याची आठवण करून दिली की ते अंड्यांची चौकशी करीत.

एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो. गाडी ढकलून आम्ही वर पोचलो तर भागावहिनी, म्हणजे जिभाऊंची बायको, पाण्याची घागर घेऊन बाभळीखाली उभ्या. वहिनींचे डोळे कधीच गेले होते. तरी कुंपणाला हात लावत त्या थेट गाडीच्या तोंडाशी आल्या. जिभाऊंनी पाण्याचं झाकण उघडलं आणि वहिनींनी चाचपून तापलेल्या डोकऱ्याला पाणी पाजलं. थेंब सांडला नाही. "पे, बाबा पे," त्या म्हणाल्या, "तुले बी आराम नही न् माले बी नही." आत गेलो तर तवा तापलेला, पीठ मळलेलं, भाकर थापायचीच बाकी होती. आम्ही येतोय हे कसं कळलं, मी विचारलं. त्या हसल्या. "कान शेतस ना, बाबू." भाकर उत्तम होती, त्यामुळे मी पुढे काही विचारलं नाही.

अखेर बाजाराच्या दिवशी जिभाऊंनी पंखा लावला. जुन्या इंजिनालाच. पट्टा कसला, तर मोटेच्या जुन्या चामड्याचा. सल्ला देणारे आम्ही झाडून सगळे गाडीत बसलो होतो. आपलं म्हणणं खरं ठरताना माणसाला हजर राहायला आवडतं.

चढण आली. जिभाऊंनी पट्टा चढवला. पंखा घुंई करू लागला आणि डोकरा तालमीतल्या पैलवानासारखा हुंकारत निघाला. कुणी उतरलं नाही, कुणी ढकललं नाही. निम्मी चढण सर झाली. याकोबभाऊंनी टाळ्या वाजवल्या, स्टेशनमास्तर "शाब्बास" म्हणून गेले. आणि त्याच वेळी बॉनेटखाली बंदुकीसारखा बार झाला. आतला दांडा इंजिनाची कूस फोडून बाहेर आला होता. काळं तेल रस्त्यानं खाली ओघळत गेलं.

जिभाऊ उतरले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "फुंक जास्त व्हयनी," एवढंच म्हणाले. बाकी आम्ही "मी सांगितलंच होतं" असं एकमेकांना सांगत चढण चढून गेलो. ज्याला सांगितलं होतं तो मागे एकटा उभा होता.

कोंबड्या उठवाव्या लागल्या. नंदुरबारहून मिस्त्री आला आणि खोक्यातलं इंजिन गाडीत बसलं. वर पंखाही नीट जोडला. पहिल्या फेरीला आम्ही सगळे पुन्हा हजर. गाडी चढणीवरून लोण्यातून सुरी जावी तशी वर गेली. ठकठक नाही, खोकला नाही. आम्ही जावयासारखे ऐटीत बसून होतो.

वर भागावहिनी रस्त्याच्या कडेला रिकाम्या हातांनीच उभ्या होत्या. घागर दारात होती. गाडी जवळ येऊन थांबताच त्या दचकून मागे सरल्या, पदर सावरला आणि परक्या माणसाशी बोलावं तसं विचारलं, "कोनी गाडी शे भो? आमना घरनासनी गाडी मांगे ऱ्हायनी का?"

इतके दिवस खोकं गोदामात का पडलं होतं ते मला तेव्हा कळलं.

जिभाऊ खाली उतरले. "मीच शे वं."

"मंग डोकरा?"

"त्याना घसा बसना आज," जिभाऊ म्हणाले. डोकरा फुटल्याचं त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं.

एरवी दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ न देणारे स्टेशनमास्तर खिडकीतून बाहेर झाडाकडे बघत होते. शेटजींनी उगाच पिशवी उघडून बंद केली. उतरल्यावर कुणी कुणाला बजावलं नाही, पण इंजिन बदलल्याची गोष्ट आंबापाड्यात कुणी काढली नाही.

पुढच्या बाजाराला मी पुन्हा त्या गाडीत होतो. पायथ्याशी जिभाऊंनी बैठकीखालून एक जाडजूड पाना काढला. चढण सुरू झाली तसा एक हात चक्रावर ठेवून दुसऱ्यानं ते दाराच्या पत्र्यावर पाना हाणू लागले. ठक्‌ठक, ठक. ठक्‌ठक, ठक. एक नवा प्रवासी मला म्हणाला, "अहो, इंजिन नवं आणि ही ठोकाठोक कसली?" याकोबभाऊंनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

वर बाभळीखाली वहिनी घागर घेऊन उभ्या होत्या. घराच्या छपरातून धूर निघत होता. त्या सरळ गाडीच्या तोंडाशी आल्या. जिभाऊंनी झाकण उघडलं. आत पाणी काठोकाठ होतं, नव्या इंजिनाला तहान कसली? वहिनींनी घागर ओतली आणि सगळं पाणी भळभळ खाली आलं. जिभाऊंनी आपले पाय तसेच धारेखाली ठेवले.

"भलती तीस लागेल व्हती त्याले," ते म्हणाले.

"म्हतारा व्हयना तो," वहिनी म्हणाल्या. "आते बदली टाका त्याले. लोके हसतस."

"नही वं," जिभाऊ म्हणाले. "दम शे आजून." आणि ओल्या जोड्यांनी ते वहिनींच्या मागोमाग घरात गेले.