काटा हलेना

खट्ट. बाहेरच्या दाराची कडी वाजली आणि मघापासून घरात कोंडलेली शांतता तडकली. सिद्धाराम स्टेशनवर तिकीट काढायला निघाला होता. एकट्याचं.

गुजरातेत तेल-वायूच्या विहिरींवर तो दाब बघायच्या कामाला होता. रजा संपत आली होती. या खेपेला बायकोला, महानंदाला, आणि लेकीला, नीलाला, बरोबर नेतो, एवढंच तो म्हणाला. पण महानंदाचे सासरे रुद्रप्पा भुसाराचे अडते. नुसता काटा बघायला कुणी पगार देतं होय, असली पोकळ नोकरी उद्या गेली तर पोरीबाळी परमुलखात उघड्यावर पडतील, असं त्यांचं म्हणणं. लग्न झाल्यापासून महानंदाचा संसार पोस्टकार्डावरच चालला होता.

तिनं पदर खोचला. कोनाड्यात सिद्धारामनं आणलेलं, मोडीत निघालेलं दाबाचं मीटर होतं; चांगली ताटलीएवढी पितळी तबकडी.

“मामा, काटा कसा फिरतोय, दाखवू का?”

स्टोव्हवर कुकर चढलेलाच होता, आत तुरीची डाळ. महानंदानं शिट्टी काढून तिथं रबरी नळी बसवली, नळीच्या दुसऱ्या टोकाला मीटर, आणि दोन्हीकडे सुतळीनं करकचून आवळलं. रुद्रप्पा पाट ओढून समोर बसले. तराजूच्या काट्यावर त्यांचा जेवढा विश्वास, तेवढा सख्ख्या भावावर नव्हता.

काटा शून्यावर.

“वाफच धरली नसंल. स्टोला पंप मार की.”

तिनं पंप मारला. कुकर थरथरायला लागला. झाकणाखालून कुणी रागावल्यासारखे सुस्कारे येऊ लागले. उतरवू का, असं तिनं भीतभीत विचारलं.

“काटा काय म्हंतोय? शून्य. म्हंजे दाब न्हाय. काटा खोटं बोलत नसतोय. मार.”

तिनं मारला. आणि कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. डाळीचा कारंजा थेट छताला भिडला आणि तिथून सावकाश, रुद्रप्पांच्या पांढऱ्या टोपीवर उतरू लागला. नीलानं टाळ्या वाजवल्या. काटा अजून शून्यावरच होता.

कोपऱ्यावर बसची वाट बघत थांबलेला सिद्धाराम आवाज ऐकून पळत परत आला. आधी त्यानं लेकीचे हात पाहिले, मग बायकोचे, मग छत. मग मटकन खाली बसून तो हसत सुटला. हे मीटर पाच हजार पौंडांपर्यंत दाब मोजतं, त्यानं सांगितलं. कुकरची धाव पंधरापर्यंत. याच्या लेखी कुकर म्हणजे मुंगीनं घातलेली फुंकर. विहिरीच्या तोंडाशी हाच काटा दोन हजारांच्या पुढं असतो, आणि तो जरा जागचा हलला की धोका ओळखायचा, एवढीच आपली नोकरी.

रुद्रप्पांनी छताकडे पाहिलं. पायाखालच्या फरशीकडे पाहिलं, आणि पाय हळूच पाटावर घेतले.

“आन त्याच्याम्होरं तू एकटा बसतोस?”

“व्हय, अप्पा.”

“घरी आल्यावर जेवायला कोण वाढतंय?”

रुद्रप्पांनी टोपी काढून डाळ झटकली.

“दोघींचंबी तिकीट काढ. कुकर तेवढा हितंच ऱ्हाऊ दे.”

महानंदा ओलं फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिली. डोळे भरून आले होते, आणि डाळीचा एक थेंब कपाळावर पडला तरी तिला कळलं नाही. नीला फरशीवर पालथी पडून जमिनीला कान लावून ऐकत होती.

“आई,” ती कुजबुजली, “मग खाली स्टो कुणी पेटवलाय?”