मुनीरचाचा आणि अभिनंदनाचा फळा

‘कु. मंदा सखाराम बांडे या छात्राध्यापिकेने आज गणिताचा सराव पाठ न रडता पूर्ण केला. हार्दिक अभिनंदन!’

हे वाक्य नगरच्या आमच्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयाच्या पोर्चमधल्या फळ्यावर, प्राचार्यांच्या दाराशेजारी, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं लिहिलेलं होतं. अक्षर असं की छापखान्यानं लाजावं. खाली खडूची नाजूक वेलबुट्टी. आणि ही कु. मंदा सखाराम बांडे म्हणजे दुसरी तिसरी कुणी नसून मीच.

मी तेव्हा बी.एड.ला होते आणि डोकं माझं तेव्हाही तापटच होतं. ओढणीचं टोक धरलं आणि वेलबुट्टीसकट सगळं खसाखसा पुसून टाकलं. वळून बघते तर मागे मुनीरचाचा उभे. हातात खडूचा डबा, कानावर पेन्सिल.

“पुसलंस? पूस,” ते शांतपणे म्हणाले. “माझं काम झालंय.”

“अहो चाचा, हे काय यश आहे का? लोक हसतील मला!”

“हसू दे की. छोटं हाय, पन खरं हाय.”

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. आम्ही पोरं ते त्यांच्या आवाजात म्हणून एकमेकांना हसवायचो. मेसमध्ये आमटीत डाळ सापडली की कुणीतरी ओरडायचं, “छोटी हाय, पन खरी हाय!”

मुनीर शेख हे आमच्या ग्रंथालयाचे परिचर. मूळचे श्रीरामपूरजवळच्या बेलापूरचे. वडील टेम्पोंच्या फळ्यांवर नावं आणि गुलाब रंगवायचे, त्यामुळे सुंदर अक्षर घरातूनच आलेलं. त्या अक्षरापायी प्राचार्यांनी ‘आमचे यश’ नावाचा तो फळा त्यांच्या ताब्यात दिला, आणि तिथून पुढे प्राचार्यांच्या हातात काही राहिलं नाही.

खरं तर फळा मोठमोठ्या गोष्टींसाठी होता. कुणाला पीएच.डी. मिळाली, कुणाचा शोधनिबंध छापून आला, कुणी माजी विद्यार्थी मुख्याध्यापक झाला. चाचा हे सगळं लिहायचे, नाही असं नाही. पण मनाला पटल्याशिवाय त्यांचा खडू पुढे सरकत नसे. एकदा गणिताच्या सरांचा निबंध एका नियतकालिकात आला. शीर्षक दीड ओळीचं आणि एकही शब्द माणसांच्या बोलण्यातला नाही. चाचांनी ते जसंच्या तसं उतरवलं आणि खाली कंसात लिहिलं, ‘म्हणजे चौथीची मुले हातच्याची वजाबाकी का चुकतात, ते सरांनी शोधून काढले.’ सर तणतणत ग्रंथालयात आले. चाचा म्हणाले, “सर, चुकीचं असंल तर पुसतो.” चुकीचं नव्हतं ना! त्यात त्या दिवशी सरांच्या सासूबाई कॉलेजात आलेल्या. त्यांनी फळा वाचला आणि लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर जावई काय काम करतो ते त्यांना पहिल्यांदा कळलं. पुढच्या निबंधाच्या वेळी सर स्वतःच चाचांकडे आले, म्हणाले, “ते कंसातलं तेवढं झकास लिहा.”

मोठ्या बातम्यांचा तुटवडा असला की चाचा छोट्यांवर उतरत. ‘छात्राध्यापक शिंदे यांनी आज पाठाच्या टाचणात स्वतःचा एक विचार लिहिला.’ ‘कु. पठाण यांनी मागच्या बाकावरच्या मुलाला दोनदा बोलते केले.’ ‘माजी विद्यार्थी गोरख, श्रीगोंदा: उसाच्या तोडणीला गेलेली त्यांच्या वर्गातली तीन मुले शाळेत परत आली.’ ही शेवटची बातमी त्यांनी मोठ्या पाहुण्यांची समिती येणार होती त्या दिवशीसुद्धा पुसली नाही. प्राचार्य चिडले. पण समितीतल्या एक बाई सगळ्या पदव्या ओलांडून त्या ओळीपाशी थांबल्या आणि त्यांनी गोरखचा नंबर मागून घेतला. चाचांनी तो पाठच म्हणून दाखवला.

असो. माझ्या रडण्याकडे येते, कारण सगळी मेख तिथंच आहे.

मी अकोले तालुक्याच्या डोंगरातली, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीवरची. नगरला येईपर्यंत शहरातली शाळा मी आतून पाहिली नव्हती. बी.एड.ला सराव पाठ म्हणजे शहरातल्या शाळेत जाऊन खऱ्या मुलांना शिकवायचं, आणि मागच्या बाकावर आपले प्राध्यापक वही उघडून बसलेले. पहिल्याच पाठाला मी सहावीच्या वर्गाला सुरुवातीचं सोपं म्हणून विचारलं, “पाच आन् चार किती हुत्यात?” माझ्या ‘हुत्यात’वर सबंध वर्ग खिदळला. मी फळ्याकडे तोंड करून रडले. दुसऱ्या पाठाला तोंड उघडायच्या आधीच रडले, तेवढाच वेळ वाचला.

त्या दिवशी ग्रंथालयातल्या रॅकमागे मी नाक ओढत बसले होते. चाचांनी पाण्याचा पेला आणून ठेवला आणि हळूच म्हणाले, “बेटा, हितं संदर्भग्रंथ हायेत, वर्दळ असती. रडायचं असंल तर मानसशास्त्राच्या मागं बस. तिकडं कुनी येत न्हाई.”

मला रडता रडता हसू फुटलं. मग मी सगळं सांगितलं. बाची, म्हणजे माझ्या वडिलांची, मुदत होती दिवाळीपर्यंत. आईच्या हट्टापायी त्यानं मला धाडलं होतं. निघताना म्हणाला होता, “दिवाळीपोत बघतो. जमलं तर ठीक, न्हाई तर म्हागारी ये. राजूरचं स्थळ थांबलंय.” आणि मला तर काही जमत नव्हतं. म्हणजे दिवाळीला घरी जायचं, अक्षता डोक्यावर पाडून घ्यायच्या आणि शिक्षण संपलं.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. सल्ला काही दिला नाही. फक्त विचारलं, “सदस्य अर्जावर घरचा पत्ता लिवलाय तो बरोबर हाय ना?”

मला वाटलं, पुस्तकं परत केली नाहीत तर वसुलीला माणूस धाडतील. भित्या जिवाला दुसरं काय सुचणार?

तिसऱ्या पाठाला मी आदल्या दिवशी प्रत्येक वाक्य पाठ केलं, वर्गात हसणाऱ्या पोराला म्हटलं, “आमच्याकडे असंच म्हणतात, तुझ्याकडे कसं म्हणतात ते सांग,” आणि कसाबसा तास रेटला. त्याचंच ते अभिनंदन फळ्यावर झळकलं होतं. पुढे मी आणखी दोन पाठ बरे घेतले, तेही झळकले, आणि तेही मी पुसले. पण माझं मन हरलं होतं. दिवाळीला निघताना मी ट्रंक पूर्ण भरली. परत यायचंच नव्हतं.

घरी पोचले तर वाडीच्या तोंडाशीच दुकानदार म्हणाला, “काय मंदे, आता रडत न्हाईस म्हन की!” पुढे पाणवठ्यावर बायका म्हणाल्या, “गनित लई अवघड असतं का गं? तरी तू रडली न्हाईस, शाब्बास!” मी चक्रावलेच. घरात शिरले. आमच्याकडे मेढीला, म्हणजे मधल्या लाकडी खांबाला, तारेचा एक आकडा आहे, त्याला वीजबिलं नि रेशनच्या पावत्या खोचलेल्या असतात. त्या आकड्याला सगळ्यात वर तीन पोस्टकार्डं लटकत होती. तेच छापखान्याला लाजवणारं अक्षर.

‘श्री. सखाराम बांडे यांस. आपल्या घरच्या मंदाने आज गणिताचा पाठ न रडता घेतला. आपले अभिनंदन. छोटे आहे, पण खरे आहे. आपला, मुनीर शेख, ग्रंथालय परिचर.’

म्हणजे फळ्यावर अभिनंदन पोरांचं आणि कार्डावर घरच्यांचं! चाचा ज्याचं नाव फळ्यावर लिहीत त्याच्या घरी कार्ड टाकत, आणि आम्हाला कुणाला त्याचा पत्ता नव्हता. मी कितीही पुसलं तरी त्यांचं काम झालेलं असायचं ते असं.

बा आकड्याखाली बसला होता. “तू रडत हुतीस हे आमाला कुनी सांगितलं न्हाई,” तो म्हणाला.

“सांगून काय झालं असतं?”

“आनलं असतं म्हागारी.” त्यानं आकड्यावरची कार्डं बोटानं सारखी केली. “पन आता न रडता घेतेस म्हंजी जमतंय की तुला. पहिलं कार्ड आलं तवा मी साकर वाटली वाडीत. आता म्हागारी आनली तर लोक माझ्या तोंडात शेन घालतील. ट्रंक येवढी कशाला भरून आनलीस?”

मी काय सांगणार, कपाळ! दिवाळी संपली आणि तीच ट्रंक घेऊन मी नगरला परतले. राजूरच्या स्थळाचंही परस्पर मिटलं. त्यांच्याकडून निरोप आला, पोरगी रडकी आहे असं पोस्टमनकडून कळलं.

मी चाचांना विचारलं, “पाकिटातून का नाही धाडलंत? साऱ्या वाडीनं वाचलं ना!”

“म्हनून तर कार्ड. पाकिटातलं एकाला कळतं. कार्ड पोस्टमन वाचतो, दुकानदार वाचतो. अन् फोनवरचं मानूस विसरून जातं, कार्ड आकड्याला ऱ्हातं.”

पुढच्या सत्रात बा स्वतः नगरला आला, तांदळाची पिशवी खांद्यावर टाकून. दोघं पोर्चच्या पायरीवर फळ्याखाली बसले. बानं पिशवी पुढे सरकवली. चाचा म्हणाले, “येवढा भात एकट्याला कवा सरायचा, सखारामभाऊ?”

“घरी कोन असतं?”

“मी असतो,” चाचा म्हणाले आणि स्वतःच हसले. त्यांच्या बायकोला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. बेलापूरचं घर भावकीत गेलं होतं, आणि ते कॉलेजमागच्या एका खोलीत राहायचे. बा हसला नाही. त्या वर्षीपासून भात झोडपून झाला की बा एक पिशवी वेगळी काढून ठेवतो, आणि ती नगरला पोचवायचं काम माझ्याकडे असतं.

मी बी.एड. झाले, एम.एड. झाले, आणि आता त्याच कॉलेजात शिकवते. माझे विद्यार्थी रडायला लागले की मी त्यांना मानसशास्त्राच्या रॅकमागची जागा दाखवते. हे सगळं मला मिळालं ते एका माणसानं तीन पोस्टकार्डं लिहिली म्हणून, आणि हे मी कुठल्याही व्यासपीठावर सांगायला तयार आहे. चाचांना मात्र असं काही म्हटलं की ते खडू शोधायला उठतात.

अलीकडे त्यांनी एक नवीन थेर काढलं होतं. तीन वर्षं ओळीनं, उन्हाळा आला की आठ दिवस रजा. कारण ‘दाढदुखी’. प्राचार्य म्हणाले, “मुनीर, सगळे दात काढून एकदाच कवळी बसव बाबा.” आम्ही हसलो. गालफड कधी सुजलेलं दिसलं नाही, पण चाचांचं दुखणंही त्यांच्यासारखंच जगावेगळं असणार, असं म्हणून सोडून दिलं. यंदा तर रजेवरून आल्यावर ते चक्क शेंगदाणे खात होते.

सुट्टीत मी वाडीवर गेले होते. दुपारी पोस्टमन आला, आणि त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं की कार्ड त्यानं वाचलंय. बाची नजर आता कमी झालीय, तरी कार्ड तो दुसऱ्याच्या हातात देत नाही. अंगणात उन्हाकडे धरून, एकेका शब्दावर बोट ठेवत त्यानं वाचलं.

‘श्री. सखाराम बांडे यांस. आपल्या घरचे मुनीर शेख हे बी.ए.ची परीक्षा द्वितीय श्रेणीत पास झाले. आपले अभिनंदन. छोटे आहे, पण खरे आहे. कळवायचे घर म्हणून आपला पत्ता घेतला. राग नसावा.’

दाढदुखी! तीन वर्षं हा माणूस परीक्षेला बसत होता. सगळ्या कॉलेजाची नावं फळ्यावर लिहिणाऱ्यानं स्वतःचं नाव लिहिलं नव्हतं. फक्त एक कार्ड टाकलं होतं, तेही आमच्याकडे. मला रडू आलं. पाठ वगैरे काही नव्हता, त्यामुळे पोटभर रडून घेतलं.

बानं कार्ड माझ्या जुन्या कार्डांच्या वर आकड्याला खोचलं आणि साखरेचा डबा काढला. शेजारची काकू कुंपणावरून म्हणाली, “मंदा आनीक येकदा पास झाली का काय?”

“न्हाई. आपला मुनीर झाला,” बा म्हणाला आणि तिच्या तळहातावर साखर ठेवली.

चार घरं फिरून तो परत आला, ओट्यावर टेकला आणि मला म्हणाला, “कार्ड आन एक. लिव्ह त्याला.”

“काय लिहू?”

“लिव्ह, कार्ड पोचलं. साकर वाटली.” रिकामा डबा मांडीवर तसाच होता. “आन् लिव्ह, राग हाय. इतकी वर्सं पत्ता ठावं हाय, तर घरी कवा येतोस?”