अकरा कसोट्यांचा अ‍ॅम्प्लिफायर

"जुनी वस्तू घेताना जो फसतो ना, तो नाक, कान आणि डोळे घरी ठेवून बाहेर पडलेला असतो!" नंबरसाहेबांनी जेवता जेवता जाहीर केलं.

नंबरसाहेब म्हणजे आपले चष्मेवाले. बावीस वर्षं लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढत होते, म्हणून बाजारानं त्यांना हे नाव बहाल केलं होतं आणि त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं होतं. त्यांच्या लेकीचा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं ते खोकं, मागच्या आठवड्यात धूर सोडून कायमचा गप्प झाला होता. रविवारी कॉलेजच्या कार्यक्रमात तिला वाजवायचं होतं. नवा घेणं झेपण्यासारखं नव्हतं. मात्र दाताच्या डॉक्टरांना त्यांच्या तरुणपणीचा एक विकायचाय असं कळलं होतं.

"बाबा, मी गिटार घेऊन येते. पाच मिनिटांत सांगते कसा आहे तो," लेक म्हणाली.

"तू अजिबात यायचं नाहीस! तुला आवडला की तुझ्या तोंडावर दिवे लागतात. समोरचा लगेच ताठतो. मी आणि तुझा मामा जाऊ."

"त्याला त्यातलं काय कळतं?" बायकोनं विचारलं. मामा तिचा सख्खा भाऊ. पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. त्यामुळे तिच्या विचारण्यात माया कमी आणि अनुभव जास्त होता.

"काही कळत नाही, म्हणूनच नेतोय! कळणारा माणूस मध्ये मध्ये बोलतो."

"आणि तुम्हाला काय कळतं?"

"मी आठ दिवस अभ्यास केलाय!" असं म्हणून नंबरसाहेबांनी खिशातून वही काढली. तीत जुना अ‍ॅम्प्लिफायर पारखायच्या अकरा कसोट्या लिहिल्या होत्या. लाल शाईत!

शनिवारी दुपारी दोघे डॉक्टरांकडे पोचले. तळमजल्यावर दवाखाना, पुढे फरशी घातलेलं अंगण, अंगणात बाकावर दोन पेशंट. एकाचा गाल लिंबाएवढा सुजलेला. समोरच्या बाजूला मोटार शिकवणाऱ्या बाईंचं छोटंसं ऑफिस. अ‍ॅम्प्लिफायर डॉक्टरांनी अंगणातच आणून ठेवला होता.

"या, या नंबरसाहेब! बघा निवांत. मला कसली घाई नाही," डॉक्टर म्हणाले. माणूस देवासारखा. अशा माणसांपासून सावध राहावं, असं वहीत चौथ्या पानावर होतं.

नंबरसाहेब कामाला लागले. आधी मागच्या जाळीला नाक लावून हुंगलं. जळका वास नाही. मग वायर हातातून सरकवत नेली. कुठे चिकटपट्टी नाही. प्लगचा तिसरा पाय कोणी कापला नाही ना, ते पाहिलं. मग प्लग लावून, एकेक बटण फिरवून खरखर येते का ते ऐकलं. खोक्याच्या डोक्यावर दोन चापट्या मारून आत काही सुटं वाजतंय का तेही तपासलं. बाकावरचे पेशंट दातदुखी विसरून बघत होते.

"कसोटी सातवी!" नंबरसाहेब म्हणाले. "अर्धा तास चालू ठेवायचा. थंड असताना सगळेच गोड बोलतात, तापल्यावर खरा स्वभाव कळतो. लावा गिटार!"

"गिटार मुलगा घेऊन गेला परगावी," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही आणली असेल ना?"

नंबरसाहेबांनी मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हण्यानं नंबरसाहेबांकडे पाहिलं. अकरा कसोट्यांत गिटार न्यायची ही कसोटीच नव्हती!

"मला वाटलं, तुमच्या पिशवीत आहे," मेव्हणा पुटपुटला.

"गिटार? पिशवीत?"

डॉक्टरांनी तोडगा काढला. शाळेत दातांच्या निगेवर बोलायला जाताना ते कॉलरला लावायचा बिनवायरचा माइक न्यायचे. तो त्यांनी आणला, नंबरसाहेबांच्या कॉलरला टोचला, त्याचा आवाज पकडणारी डबी अ‍ॅम्प्लिफायरला जोडली. "बोला काहीतरी."

आयत्या वेळी बोलायचं काय? नंबरसाहेबांच्या तोंडून सवयीनं दुकानातला तक्ताच बाहेर पडला. "क... म... ग... ल... आता खालची ओळ वाचा..."

आवाज असा आला, की गेटवरची कबुतरं उडाली! स्वच्छ, खणखणीत, भरदार. अर्धा तास झाला तरी तसाच. नंबरसाहेबांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटायला लागल्या, पण चेहरा त्यांनी एरंडेल प्यायल्यासारखा ठेवला.

तेवढ्यात डॉक्टर डबी बघायला खाली वाकले आणि त्यांच्या चष्म्याच्या काडीची आतली बाजू दिसली. तिथे दुकानाची, ऑर्डरचा आकडा लिहिलेली बारीकशी चिठ्ठी अजून चिकटलेली होती. चौऱ्याहत्तर!

नंबरसाहेबांच्या पायाखालची फरशी सरकली. डॉक्टरांच्या चष्म्याची चिठ्ठी होती सत्तेचाळीस. चौऱ्याहत्तर होती समोरच्या मोटार शिकवणाऱ्या बाईंची. फ्रेम दोन्ही तपकिरी, दोन्ही चष्मे एकाच दिवशी दिलेले!

"आम्ही जरा... विचार करून येतो," ते कसंबसं म्हणाले. मेव्हण्याला खूण केली, "आवाज बंद कर आणि चल."

मेव्हण्यानं बटण डावीकडे फिरवलं. फक्त ते आवाजाचं नव्हतं. ते आवाज जाड-बारीक करायचं होतं. त्यामुळे आवाज बंद व्हायच्या ऐवजी अधिकच भारदस्त झाला!

दोघे गेटबाहेर, वळणापलीकडे लावलेल्या गाडीत जाऊन बसले. काचा वर केल्या. पंखा लावला.

"बोला भाऊजी. डबडं आहे ना?"

"डबडं? हिरा आहे हिरा! डॉक्टर मागतील ती किंमत कमीच. पण तू तोंड वाकडं करायचं. म्हाताऱ्याला दातांपलीकडे काही कळत नाही!"

"मग तुम्ही असे पांढरे का पडलात?"

"अरे, घोटाळा झालाय! डॉक्टरांच्या नाकावर बाईंचा चष्मा आहे!"

"म्हणजे... त्यांचं काही...?"

"गाढवा! माझ्या हातून अदलाबदल झाली! आठ दिवस तो माणूस दुसऱ्याच्या नंबरातून लोकांच्या तोंडात बघतोय! परवा कोणाची तरी दाढ उपटली म्हणे. देव करो आणि किडलेलीच उपटलेली असो!"

"बाप रे! आणि बाई?"

"बाई गाडी शिकवतायत! भर रस्त्यात! त्यांना सिग्नल दिसतो की सिग्नलचा जुळा भाऊ, कोण जाणे!"

लांबून कुठून तरी घुमल्यासारखा आवाज येत होता. मेव्हण्यानं कान टवकारले. "कोणीतरी भाषण ठोकतंय वाटतं."

"ठोकू दे! लोकांना काही कामधंदे नाहीत. तू माझं ऐक. आता गुपचूप जायचं, चष्मा पुसून देतो म्हणायचं, बाईंचाही मागायचा आणि हळूच बदलून टाकायचा. या कानाचं त्या कानाला कळता कामा नये!"

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. बाहेर लेक उभी! पाठीवर गिटार, चेहरा पिठासारखा. अर्ध्या तासापूर्वी मामानं तिला 'गिटार राहिली' असा निरोप धाडला होता, हे नंबरसाहेबांना आत्ता कळत होतं.

त्यांनी काच खाली केली. लेक फक्त दोन शब्द बोलली.

"बाबा... कॉलर."

नंबरसाहेबांचा हात कॉलरवर गेला आणि तिथेच गोठला. "अगं आई गं!" ते म्हणाले. वळणापलीकडून सगळ्या गल्लीनं ऐकलं, "अगं आई गं!"

तिघे अंगणात परतले. बाकाजवळ गर्दी जमलेली. सुजक्या गालाचा माणूस उठून गेटकडे सरकत होता. दुसरा पेशंट तोंडात बोट घालून आपल्या दाढा मोजत होता! मोटार शिकवणाऱ्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या. त्यांच्या शिकाऊ मुली एकमेकींचे हात धरून भिंतीला टेकल्या होत्या.

"डॉक्टरसाहेब... बाई... माझं चुकलं," नंबरसाहेब हात जोडून म्हणाले. कॉलरचा माइक अजून चालू होता, त्यामुळे माफीसुद्धा गल्लीभर झाली. "बावीस वर्षांत असं कधी झालं नाही. आत्ताच्या आत्ता बदलून देतो. दुकानाला टाळं लावा म्हणालात तर तेही लावतो."

डॉक्टरांनी सावकाश चष्मा काढला. बाईंनीही काढला. दोघांनी अदलाबदल केली, डोळ्यांवर चढवले. नंबरसाहेबांनी डोळे मिटून घेतले. आता काय पडेल, चप्पल की शिवी?

"अहो, हे काय!" डॉक्टर ओरडले. "मला बाकच दोन दिसतायत!"

"आणि मला तुम्ही तीन!" बाई किंचाळल्या. त्यांनी घाईघाईनं चष्मा उतरवून डॉक्टरांच्या हातात कोंबला. "माझा द्या इकडे! म्हणजे तुमचा... म्हणजे जो होता तो! अहो, या आठवड्यात मला पहिल्यांदा समोरच्या गाडीची पाटी वाचता येतेय!"

"मला तर लोकांच्या दाढांतली कीड मोजता येते!" डॉक्टर आपला, म्हणजे बाईंचा चष्मा पुन्हा लावत म्हणाले. "ती परवाची दाढ मी अगदी बरोबर उपटली हो! बस रे खाली, पळतोस कुठे!" सुजका गाल निमूटपणे बसला.

नंबरसाहेबांनी डोळे उघडले. जीव भांड्यात पडला होता. पण भांडं बुडातून गळत असल्याचं त्यांना हळूहळू जाणवायला लागलं.

"म्हणजे..." बाईंनी मान तिरकी केली, "चुकून दिलात तो बरोबर. मग तपासून केलेला नंबर कसा चुकला हो, नंबरसाहेब?"

नंबरसाहेब वहीची पानं उलटू लागले.

लेकीनं मध्ये पडून प्रसंग सावरला. तिनं बापाच्या कॉलरचा माइक काढला, गिटार जोडली, फिरवलेलं बटण जागेवर आणलं आणि पाच मिनिटं वाजवलं. पाचच मिनिटं! "बाबा, छान आहे. एका काचेच्या नळीची धुगधुगी संपत आलीय, ती वर्षभरात बदलावी लागेल. बाकी ठणठणीत."

डॉक्टर खूश झाले. "मग किमतीचं काय करायचं, नंबरसाहेब? आम्हा म्हाताऱ्यांना दातांपलीकडे काही कळत नाही. पण मघाशी कोणीतरी म्हणालं, हिरा आहे, मी मागीन ते कमीच!"

नंबरसाहेबांनी घासाघीस केली नाही. मान खाली घालून मागितले तेवढे दिले. मेव्हण्यानं तोंड मात्र ठरल्याप्रमाणे वाकडं केलं. आता त्याचा काही उपयोग नव्हता, पण बिचाऱ्याला कोणी थांबायला सांगितलंच नव्हतं!

रविवारी लेक झकास वाजवून आली. टाळ्या पडल्या. नंबरसाहेब शेवटच्या रांगेत बसले होते, कारण पुढच्या रांगेतले लोक वळून वळून त्यांच्याकडे बघत आणि आपापला चष्मा चाचपत.

सोमवारी त्यांनी दुकान उघडलं. तक्ता पुसला, दिवा लावला, खुर्ची सरळ केली. पहिलंच गिऱ्हाईक आलं, एक पोस्टमनकाका.

"या काका, बसा. आधी डोळे नीट तपासू," नंबरसाहेब उत्साहानं म्हणाले.

पोस्टमनकाका दारातच थबकले. "नको, नको! तपासू बिपासू नका साहेब," ते काकुळतीला येऊन म्हणाले. "त्यापेक्षा दुसऱ्या कोणाचा तरी चुकून द्या ना!"