खुलाशाला चार लाइक

दैनिकाच्या व्यवस्थापनाने साधकबाधक विचार करून असा निर्णय घेतला, की यापुढे प्रत्येक पत्रकाराने समाजमाध्यमांचा प्रभावी वापर करावा. परिपत्रकात 'प्रभावी' या शब्दाखाली दोनदा रेघ ओढली होती. उपसंपादकांची उभी हयात दुसऱ्यांची वाक्यं सरळ करण्यात गेली होती. मोबाइलवर ते फक्त फोन घेत, तोही उभं राहून. पण ज्याच्या पोस्ट लोक बघणार नाहीत त्याच्या पगारवाढीचा फेरविचार होईल, असं परिपत्रकाच्या शेवटच्या ओळीत होतं. ती ओळ मात्र त्यांना पहिल्याच वाचनात कळली.

शिकवायला एक प्रशिक्षिका आली. वयाने उपसंपादकांच्या मुलीएवढी, आत्मविश्वास संपादकांच्या दुप्पट. तिने सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बसवून सांगितलं, की बातमी सगळ्यांच्या आधी टाका, मथळा छोटा ठेवा आणि फोटोत चेहरा हवा म्हणजे हवाच. चेहरा नसेल तर लोक ढुंकूनही बघत नाहीत.

"आणि बातमी खरी आहे की नाही, ते?" उपसंपादकांनी हात वर करून विचारलं.

"ते तुमचं खातं ना सर. मी फक्त पोहोच बघते."

पोहोच म्हणजे पोस्ट किती लोकांपर्यंत गेली त्याचा आकडा. तो भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्यांच्या नावापुढे दिसायचा. उपसंपादकांच्या नावापुढे शून्य होतं.

त्याच दिवशी पोलिसांनी एका सराईत घरफोड्याला पकडलं. त्याने आपल्या खोलीची किल्ली गटारात फेकली होती, म्हणून पोलिसांनी बाजारातल्या कुलूपवाल्याला बोलावून दार उघडून घेतलं. कार्यालयात दोन फोटो आले. पहिल्यात चोर होता, पण नियमाप्रमाणे त्याच्या डोक्यावरून काळं फडकं टाकलेलं. दुसऱ्यात कुलूपवाला. काम झटक्यात झाल्यामुळे हवालदार खूश होते आणि त्यांना त्याच्यासोबत एक फोटो हवा होता. म्हणून एक जण डावीकडे उभा, एक उजवीकडे आणि मध्ये हा, केस चापूनचोपून बसवलेला. उपसंपादकांनी दोन्ही फोटो समोर ठेवले आणि प्रशिक्षण आठवलं. चेहरा एकाच फोटोत होता. 'अट्टल घरफोड्या जेरबंद' असा छोटा मथळा देऊन त्यांनी तो सगळ्यांच्या आधी टाकला. त्यांचं जेवण होईपर्यंत पोस्ट गावभर झाली होती, आणि संपादकांनी स्वतः फोन करून "जमतंय की तुम्हाला!" असं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कुलूपवाला कार्यालयात आला. मोबाइल त्याने दोन्ही हातांत धरला होता.

"साहेब, फोटो झकास आलाय. तक्रार नाही. पण वर हे काय लिहिलंय?"

उपसंपादकांनी वाचलं, फोटो पाहिला, पुन्हा वाचलं आणि आपली खुर्ची त्याच्यापुढे सरकवली.

"सकाळपासून एक गिऱ्हाईक नाही," कुलूपवाला म्हणाला. "एक बाई किल्ली करायला टाकून गेल्या होत्या. त्या नवऱ्याला घेऊन आल्या, किल्ली परत मागितली आणि मी तिचा ठसा तर नाही ना घेतला म्हणून माझे खिसे बघितले. माझा धंदा काय आहे साहेब? लोक मला स्वतःहून घराचं दार दाखवतात. चोराला कोण दाखवणार?"

"चूक झाली हो. शंभर टक्के आमची चूक. आत्ताच्या आत्ता खुलासा टाकतो."

उपसंपादकांनी मनापासून खुलासा लिहिला. एकच लांबलचक वाक्य होतं, पण त्यात एकही चूक नव्हती. छायाचित्रातील गृहस्थ चोर नसून प्रामाणिक कुलूप-कारागीर आहेत, त्यांनी पोलिसांना मोलाचं सहकार्य केलं, दैनिक दिलगीर आहे. खुलाशाला चार लाइक आले. एक उपसंपादकांच्या बायकोचा, एक बायकोच्या भावाचा, एक खुद्द कुलूपवाल्याचा आणि चौथा घरबसल्या वजन उतरवून देणाऱ्या एका कंपनीचा. चोराच्या पोस्टखाली तोवर शिव्यांची जत्रा भरली होती.

"सर, हा खुलासा काढून टाका," प्रशिक्षिका म्हणाली. "तुमची सरासरी पडली."

"अहो, पण तो माणूस चोर नाही!"

"हेच चुकतंय. तुम्ही सांगताय. लोकांना सांगितलेलं आवडत नाही, विचारलेलं आवडतं. विचारा ना त्यांना."

मग खुलाशाला प्रश्नाचं रूप देण्यात आलं. 'हा माणूस खरंच चोर आहे?' असं विचारून तोच फोटो पुन्हा टाकला. उत्तर पोस्टच्या आत, तिसऱ्या परिच्छेदात होतं. तिथपर्यंत कोणी गेलं नाही, पण बाकी सगळे आले. एकाने लिहिलं, 'तोंडावरूनच कळतंय.' दुसऱ्याने लिहिलं, 'पकडला गेलाय आणि हसतोय, निर्लज्ज.' तिसऱ्याने आपली सायकल यानेच नेल्याचं ओळखलं. पडद्यावर उपसंपादकांचं नाव वर सरकलं, आणि शेजारच्या टेबलावरच्या क्रीडा प्रतिनिधीने त्यांच्याशी बोलणं बंद केलं.

कुलूपवाला पुन्हा आला. या वेळी मोबाइल खिशातच होता.

"दुकानमालक म्हणतो गाळा खाली कर. मी म्हटलं, त्यांनी खुलासा केलाय. तो म्हणाला, तो प्रश्न आहे, खुलासा नाही."

उपसंपादक त्याला घेऊन तडक संपादकांकडे गेले. संपादकांनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं, चहाही मागवला.

"हे बघा, आपण लोकशाही मानतो," संपादक म्हणाले. "वाचकांचा कौल घेऊ. चोर आहे, चोर नाही, सांगता येत नाही. एकदा कौल मिळाला की आपणही मोकळे आणि हेही मोकळे."

कौल घेण्यात आला. प्रचंड बहुमताने कुलूपवाला चोर ठरला. 'चोर नाही' या बाजूला अगदीच थोडी मतं पडली, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी चुकून बोट लागल्याचं खाली कळवलं. संपादकांनी खेद व्यक्त केला. व्यक्तिशः त्यांना कुलूपवाल्याबद्दल सहानुभूती होती, मात्र एवढ्या वाचकांना खोटं पाडणं दैनिकाच्या धोरणात बसत नव्हतं.

"आता एकच उपाय," प्रशिक्षिका म्हणाली. "लाइव्ह. यांनी स्वतः येऊन आपलं काम दाखवायचं. लोकांनी कारागीर डोळ्यांनी बघितला की विषय संपला."

कुलूपवाल्याच्या डोळ्यांत पुन्हा आशा दिसली. तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. संपादकांच्या केबिनचं दार बाहेरून कुलूप लावून बंद करण्यात आलं, संपादक हौसेने आत बसले. कॅमेरा सुरू झाला. कुलूपवाल्याने नमस्कार केला, पिशवीतून एक बारीक तार काढली, कुलपाला कान लावला, आणि प्रशिक्षिका पाहुण्यांची ओळख करून देत होती तेवढ्यात दार उघडलं. आयुष्यात त्याने इतकं सफाईदार काम केलं नव्हतं. त्याने अभिमानाने कॅमेऱ्याकडे पाहिलं.

प्रतिक्रिया धडाधड येऊ लागल्या. 'हात बघा, किती सराईत!' 'याने किती घरं फोडली असतील.' 'पेपरवाल्यांनी चोराला ऑफिसात बोलावलं?' एकाने खासगीत निरोप पाठवून एका बंद बंगल्याचा पत्ता दिला आणि दर विचारला.

दैनिकाच्या इतिहासात एवढी पोहोच कशालाच मिळाली नव्हती. पत्रकारांच्या संघटनेने 'समाजमाध्यमांचा विश्वासार्ह वापर' या गटातलं मानचिन्ह उपसंपादकांना दिलं. पगारवाढ झाली. प्रशिक्षिका पुढच्या वर्गांत हेच उदाहरण शिकवू लागली, अर्थात फोटोसह. आणि संपादकांनी सुरक्षेचा विचार करून केबिनचं कुलूप बदलून घेतलं. बदलायला दुसरा कुलूपवाला बोलावला होता.

उपसंपादकांना मात्र ते मानचिन्ह घरात बघवेना. माणूस वाईट नव्हता. घरच्या दाराची कडी किती तरी दिवस खिळखिळी झाली होती. निदान तेवढं काम तरी त्याला द्यावं, असं त्यांनी ठरवलं.

"त्याला? आपल्या घरात?" बायको म्हणाली.

"अगं, तो चोर नाही. चूक माझीच होती, तुला तर सगळं माहीत आहे. खुलाशाला तू लाइक दिला होतास!"

"मला माहीत आहे हो. शेजाऱ्यांना कुठे माहीत आहे? उद्या सोसायटीत काही गेलं, तर बोट आधी आपल्याकडे दाखवतील."

कडी अजून खिळखिळीच आहे. कुलूपवाल्याचा गाळा गेला. आता तो बाजाराच्या टोकाला, बंद पडलेल्या छापखान्याच्या पायरीवर, पिशवी मांडीवर घेऊन बसतो. केस अजून चापूनचोपून बसवतो, गिऱ्हाईक आलंच तर बरं दिसावं म्हणून.

ही हकिकत मी बऱ्याच जणांना सांगितली आहे. सगळे हळहळले. काय दिवस आलेत, कोणी काही नीट वाचतच नाही, असं प्रत्येक जण म्हणाला. एका सद्गृहस्थांनी तर डोळे पुसले आणि मग जरा जवळ सरकून हळूच विचारलं, "ते सगळं खरं, पण मग दोन्ही बाजूंना पोलीस का उभे होते?"

तुम्ही तसं विचारणार नाही. तुम्ही सगळं नीट वाचलं आहे आणि तो चोर नाही याची तुम्हाला खात्री आहे. शिवाय मघाशी तुम्हीच म्हणत होता, पुढच्या दाराचं कुलूप आताशा अडकतं म्हणून. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. कुलपाला हात लावला की काम फत्ते. लिहून घ्या.

पेन सापडत नाही का? बसा शोधत. मला घाई नाही.