मुलावर पाळत

घरात त्यांचा थाट साहेबाचा. पाणीपुरवठा कचेरीत मात्र ते साधे कारकून होते. शेजारच्या टेबलावरचा मित्र एकदा म्हणाला, "नववीतला मुलगा कधी हाताबाहेर जाईल, नेम नाही. लक्ष ठेव!" झालं. साहेबांनी त्याच दिवशी लक्ष ठेवायचं ठरवलं.

"आणि धाकटीवर?" बायकोने विचारलं.

"तिच्यावर कसलं लक्ष? गरीब गाय ती!" (हे वाक्य बायकोने पुढे कित्येक वर्षं जपून ठेवलं.)

मंगळवारी दाढ दुखते असं सांगून साहेबांनी अर्धी रजा टाकली, टोपी चढवली आणि शाळेच्या मागच्या भिंतीलगत झुडपात दबा धरला. पळणारी मुलं मागूनच पळतात. (स्वानुभव!) तासाभरात पाय बधिर झाले, मुंग्या विजारीत शिरल्या, पण मुलाचा पत्ता नाही. तो वर्गात पहिल्या बाकावर समीकरणं सोडवत होता.

एवढ्यात भिंतीवरून एक दप्तर टाळक्यात आदळलं. मागोमाग अख्खी धाकटी.

"बाबा! तुम्ही ऑफिसात नाही?"

"तू वर्गात नाहीस?"

"माझं पोट दुखतंय. तुमचं?"

"दाढ," साहेब बोलून गेले.

तिचा चेहराच पडला आणि रडतरडत तिने सगळं सांगून टाकलं. अपूर्णांक चुकले की वर्ग हसतो, म्हणून पंधरा दिवस गणिताचा तास ती बागेत काढत होती. एकटीच. ओरडायला उघडलेलं तोंड साहेबांनी मिटलं.

"अगं, मला तर अजूनही येत नाहीत," ते हळूच म्हणाले.

ती डोळे पुसतापुसता हसली. तेवढ्यात पहारेकऱ्याने दोघांनाही पकडून मुख्याध्यापिकाबाईंपुढे उभं केलं. बाईंनी साहेबांच्या कॉलरमधला पाला पाहिला आणि धाकटीला म्हणाल्या, "उद्या घरातलं कोणीतरी जबाबदार माणूस घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी बायको शाळेत गेली. बाईंनी हसणाऱ्या वर्गाला चांगली तंबी दिली. इकडे थोरल्याने रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बहिणीची आणि वडिलांची शिकवणी सुरू केली. धाकटी तास बुडवेनाशी झाली. वर्गात हातही वर करू लागली.

एका संध्याकाळी तिने वही मिटली आणि स्वयंपाकघरात हाक दिली, "आई, माझी सगळी गणितं सुटली! पण दादा म्हणतो, बाबांना आज जेवायला उशीर होईल."