दोनशे किलो बरोबर

आमच्या शेजारचे मापारी काकाजी माणूस भेटला की आधी त्याचं वजन सांगतात, मग रामराम करतात.

दर्यापूरच्या बाजारात त्यांनी चाळीस वर्षं कापूस, तूर, हरभरा मोजला. आता काटा हातात नाही, पण नजर तशीच आहे. समोरचा उभा राहिला की ते डोकं थोडं वाकडं करतात आणि आकडा टाकतात. लगेच पुढे म्हणतात, "बारदाना वजा." बारदाना म्हणजे पोतं. मालाच्या वजनातून पोत्याचं वजन काढतात, तसं ते माणसाच्या वजनातून कपडे आणि चपला काढतात. एकदा गावात नवीन आलेल्या साहेबांना ते म्हणाले, "अडुसष्ट. बूट भारी दिसतात, बारदाना दोन वजा." साहेब बुटांकडे पाहतच राहिले.

मी अंगाने जाड आहे. त्यामुळे चार माणसांत जायला मला नको वाटतं. आम्ही इथं राहायला आलो त्या दिवशी मी डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन उभी होते. काकाजी ओट्यावरून म्हणाले, "भांडे सोडून चौऱ्याऐंशी. बारदाना वजा, त्र्याऐंशी." हमाल हसले. पुढचे कितीतरी दिवस मी मागच्या दारानेच ये-जा केली. सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या घरच्या, भिंतीपलीकडून म्हणाल्या, "मनावर नको घेऊ माय. लग्नात हार घालताना मलेबी म्हणे, एकोणपन्नास."

आता काकू एक्केचाळीस आहेत. त्यांच्या पाठीचे मणके झिजले आहेत. दर महिन्याला अकोल्याच्या डॉक्टरांकडे जावं लागतं. एसटीची पायरी त्यांना चढवत नाही. ज्या शेठच्या अडतीवर काकाजींनी आयुष्य काढलं, त्यांनी नवी मोटार घेतली तेव्हा जुनी काकाजींना दिली. मोठी, लांबलचक गाडी. तिच्या मागच्या चाकांवर स्प्रिंगच्या जागी हवेचे रबरी फुगे होते. मागे माणसं बसली की गाडी आधी दबायची, मग तिच्या पोटातून घूं असा आवाज यायचा आणि मागची बाजू हळूहळू वर येऊन पुन्हा सारखी व्हायची. काकाजी रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारून आत बसवायचे आणि चाकावरची जागा वितीने मोजून दाखवायचे. "पाहा, काटा आहे तिच्या पोटात! एक माणूस बसो का चार, मधातच राहते."

त्या गाडीतून काकू झोपून उठल्यासारख्या उतरायच्या.

मग एक फुगा फाटला. रशीदभाई मिस्त्री म्हणाले, "काकाजी, कंपनीचा फुगा गाडीपेक्षा महाग पडते. साधी स्प्रिंग टाकून देतो. मांगं वजन किती राहते ते सांगा, त्या मापाची मागवतो."

इथं काकाजी चुकले. आयुष्यात त्यांनी कधी कमी माप सांगितलं नव्हतं. तीन भरल्या अंगाची माणसं धरून ते ठणकावून बोलले, "दोनशे किलो!"

रशीदभाईंनी दोनशे किलोची जोडी बसवली. आणि तिच्यावर बसल्या एकट्या काकू, एक्केचाळीस किलो. जड मापाची स्प्रिंग एवढ्या वजनाला दबतच नाही, नुसती उडवते.

आमच्याकडे रस्ता काळ्या मातीवर आहे. डांबर घातलं तरी दोन पावसाळ्यांत त्याला लाटा येतात. त्या दिवशी गाडी अकोल्यापर्यंत उडत गेली आणि उडत आली. काकूंना तिघींनी मिळून उतरवलं. त्यांनी खालचा ओठ दाताखाली धरला होता. दोन दिवस त्यांना कूस बदलता आली नाही. काकाजी ओट्यावर बसून होते. रस्त्याने माणसं गेली, पण त्यांनी कोणाचं वजन सांगितलं नाही. मी चहा नेला तेव्हा एवढंच म्हणाले, "सूनबाई, माप चुकलं माह्यं."

रशीदभाईंनी हलकी जोडी सांगून ठेवली. जुन्या गाडीची म्हणून ती आज येते, उद्या येते, असंच चाललं आहे. तोपर्यंत वजन भरायला काकाजींनी डिकीत ढेपेचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, टाकून पाहिले. जमलं नाही. "कट्टा मुर्दाड राहते," ते म्हणाले. "गाडीसंग उडते अन् गाडीसंगच आपटते. माणूस अंग सावरते. माणूसच पायजे."

दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारात आले. चपला बाहेर काढून, टोपी हातात घेऊन. मी आत सरकले. ते आमच्या यांना म्हणाले, "सूनबाईले अकोल्याले पाठवता काय? चौऱ्याऐंशी आहेत त्या. गाडीत बारदाना वजा होत नाही."

मला रडू येईल असं वाटलं, पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मी हो म्हणाले.

तिसऱ्या लताबाई. त्या शाळेत खिचडी शिजवतात. त्या पंच्याहत्तर. एक्केचाळीस, चौऱ्याऐंशी, पंच्याहत्तर. काकाजींनी आम्हाला मागे बसवलं, चाकापाशी वाकून वीत लावली आणि म्हणाले, "दोनशे बरोबर. काटा मधात!"

लताबाई म्हणाल्या, "काकाजी, मी आज उपाशी हावो. वजनात घट आली असंन."

"मंग केळं खा," असं म्हणून त्यांनी खरंच दोन केळी दिली.

गाडी चालली ती खरंच बरी चालली. उडत नव्हती. तरी प्रत्येक लाटेला काकाजी गाडी चालवता चालवता पुढून विचारायचे, "लागलं काय?"

काकू म्हणायच्या, "नाही जी. गादीवर बसल्यावानी वाटून राहिलं."

मी त्यांच्या शेजारी, मध्ये बसले होते. पदराखाली त्यांनी माझं मनगट धरलं होतं. "नाही जी" म्हणताना त्यांची बोटं माझ्या हातात रुतायची. आवाज मात्र हसरा. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांनी डोळ्यांनीच गप्प राहा म्हणून सांगितलं. नंतर दवाखान्याच्या बाकावर हळूच म्हणाल्या, "पहिल्यापेक्षा कमी लागते. पण लागते. त्यायले नको सांगू. एवढ्या माणसायच्या पाया पडून आणलं त्यायनं."

तेवढ्यात काकाजी पाण्याची बाटली घेऊन आले. ती घ्यायला मी हात पुढे केला आणि पदर घसरला. मनगटावर चार लाल खुणा होत्या. काकाजींनी डोकं थोडं वाकडं केलं आणि पाहिलं. नेहमी पाहतात तसंच.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा निघालो. काकाजींनी वीत लावली, दोनशे म्हणाले. मग माझ्या बाजूला येऊन त्यांनी धुतलेल्या धोतराचं एक मऊ फडकं माझ्या हातात दिलं. चार घड्या घातलेलं.

"हाताले गुंडाळून घ्या, सूनबाई," ते म्हणाले. "रस्ता खराब आहे."

काकू खिडकीबाहेर पाहत होत्या. गाव सुटलं. पहिली लाट आली.

"लागलं काय?"

"नाही जी."

काकाजींनी मागे पाहिलं नाही, गाडी मात्र आणखी हळू केली. फडकं चार पदरी होतं. काकूंची बोटं त्यातूनही कळत होती.